सात विता, चार बोटं

मी सिंगापुरात ओ लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, अभ्यासाला बसले त्या वर्षी माझ्या कॉटखाली एक ओंडका वाळत पडला होता. साडेपाच फूट लांब, दोन्ही टोकांना मेण फासलेलं, खाली विटांचे तुकडे देऊन जमिनीपासून जरासा उचलून ठेवलेला. बाबा रोज सकाळी कामावर जाण्याआधी माझ्या खोलीत यायचे, गुडघे टेकून खाली वाकायचे आणि त्याच्यावरून हात फिरवून बघायचे. मी झोपलेय की जागी आहे, परीक्षा जवळ आली की लांब आहे, याची चौकशी त्या मानाने कमी व्हायची. "चीर नाही ना गेली?" हा आमच्या घरातला सकाळचा पहिला प्रश्न होता. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "माझ्या टाचांना गेलीय, ती बघायला या." बाबा हसायचे, पण ते लाकडाकडे बघूनच.

तो ओंडका आमच्याकडे आला त्याची कथा अशी. बुकित बातोकला आमच्या ब्लॉकसमोर अंगसानाची मोठी झाडं होती. पिवळ्या फुलांचा सडा पडायचा आणि आई दर वेळी म्हणायची, इथे उचलायला कोणी नाही म्हणून पडतोय. एकदा वादळात त्यातली एक जाडजूड फांदी मोडून सायकलस्टँडवर पडली. कामगार यंत्राने तिचे तुकडे करत होते आणि बाबा शिफ्ट संपवून परतत होते. कापलेल्या जागेतून लाल चीक येताना त्यांना दिसला आणि ते तिथेच थबकले. आमच्या गावाकडच्या बिबळ्याच्या झाडालाही कुऱ्हाड लागली की असाच लाल चीक येतो. ही दोन्ही झाडं एकाच घराण्यातली, हे बाबांना पुढे कोणीतरी वाचून दाखवलं. त्या दिवशी मात्र त्यांनी फक्त रंग ओळखला, त्या कामगारांना शहाळी पाजली आणि सर्वांत सरळ तुकडा मागून घेतला. आम्ही सातव्या मजल्यावर राहायचो आणि तेव्हा लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबून पुढे एकदम नवव्यालाच जायची. मधले दोन जिने तो ओला ओंडका बाबा, आई आणि मी अशा तिघांनी वर चढवला. प्रत्येक वळणावर आई मोठ्याने विचारत होती की माणसं दुबईहून सोनं आणतात, तुम्ही हे काय आणलंत. शेजारच्या मलाय मकचिक, म्हणजे मावशी, दार उघडून बघत उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं आम्ही पलंग करतोय.

बाबांना बंदूक करायची होती. ठासणीची बंदूक, नळीच्या तोंडातून दारू भरायची आणि गजाने ठासायची असली, आणि तीही कुठलीही नव्हे, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या डोंगराळ गावात पाटलांकडे जी होती तीच. ती गावच्या लोहाराने कुणा साहेबाच्या बंदुकीवरून बेतलेली होती. तिचा दस्ता जाड, नळीभोवती तीन लोखंडी कडी, चापाच्या वर पितळेची पट्टी आणि पट्टीवर कसाबसा कोरलेला एक मोर. रानडुकरं पिकात शिरली की ती बाहेर निघायची. ती खांद्यावर वाहायचे माझे आजोबा. महारवाड्यातल्या माणसाकडे गावकीची जी कामं असायची त्यातलंच ते एक. आजोबांनी ती तीस वर्षं वाहिली. मग आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, आणि आजोबांनीही एके दिवशी ती बंदूक पाटलाच्या दारात नेऊन ठेवली ती ठेवलीच. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. बार उडाल्याचा आवाज डोंगराकडून यायचा, पोरं वेशीकडे पळायची आणि बघायची तर आजोबा बंदूक खांद्यावर टाकून उतरताहेत, हे दृश्य बाबांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटायचं. सिंगापुरात महिन्यातून एकदा आमची मराठी बौद्ध कुटुंबं कोणाच्या तरी फ्लॅटवर वंदनेला जमायची. वंदना झाली, पोहे झाले की कोणीतरी बाबांना छेडायचंच, आणि बाबा सुरू व्हायचे, "आमचे वडील म्हणजे गावचे बंदूकवाले. नेम असा की..." इंजिनिअर, संशोधक, शिकलीसवरलेली माणसं सगळी, पण गप्प बसून ऐकायची. बाबा त्यांच्यात एकटेच कारखान्याच्या टूलरूममधले, हाताला तेलाचा वास असलेले. त्या गोष्टीपुरती त्यांना खुर्ची मिळायची.

आजी गेल्यावर आजोबा गावात एकटे पडले. इकडे या म्हणून बाबा पत्रावर पत्र टाकत होते आणि आजोबा कोणाकडून तरी दोन ओळी लिहवून नको म्हणत होते. तेव्हा बाबांच्या डोक्यात हे भरलं. आप्पा एकदा तरी इथे येणार, आले की त्यांच्या हातात बंदूक द्यायची, आणि त्यांनी ती उचलून म्हणायचं, हीच ती. एवढंच त्यांना हवं होतं. ते तसं स्पष्ट बोलूनही दाखवायचे, "बाकी जगाने काहीही म्हणू दे, आप्पांनी हीच ती म्हटलं पाहिजे." आई म्हणायची, "त्यांना गुडघ्याचं तेल द्या, ते जास्त खूश होतील." पण तिनेही अडवलं नाही. बाबांनी स्वतःसाठी असं काही मागितल्याचं तिलाही आठवत नव्हतं.

या देशात बंदूक बाळगली तर तुरुंग आणि फटके, चालवली तर फाशी, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. बाबा घाबरट माणूस, रस्ता ओलांडतानाही सिग्नलच्या हिरव्या माणसाची वाट बघणारे. त्यांनी आधी रीतसर अर्ज केला. महिनेच्या महिने पत्रं आली आणि गेली, ती इंग्रजी पत्रं मी लिहायची आणि बाबांनी खाली सही करायची. शेवटी परवानगी आली ती अशी की नळी भरीव हवी, आरपार भोक कुठेही नको, तोंडाशी दाखवण्यापुरता बोटभर खळगा चालेल, वस्तू घराबाहेर मिरवायची नाही, आणि पूर्ण झाली की तपासायला माणूस येईल. बाबांनी ते पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून माझ्या जन्मदाखल्यापेक्षा वरच्या कप्प्यात ठेवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट. "भरीव नळीची बंदूक म्हणजे दगडाचा आंबा," असं म्हणाले आणि भाकरीचा तुकडा ताटातल्या ताटात फिरवत बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ठरवून टाकलं की भोक सोडून बाकी सगळं तंतोतंत करायचं, आणि मग त्या तंतोतंतपणाने आमच्या नाकीनऊ आणले.

दीड वर्ष लागलं. इतका वेळ कशाला, असं आज वाचणाऱ्याला वाटेल, पण बाबांना रविवार सोडला तर वेळ नव्हता आणि शरीरात बळही नव्हतं. आठवडाभर लेथवर उभं राहिलेला माणूस रविवारी पुन्हा उभा राहायचा, ते आमच्या ब्लॉकमागच्या औद्योगिक वसाहतीत मिस्टर को यांच्या दुकानात. को हे जुन्या लाकडी सामानाची डागडुजी करायचे. साठीचे होते, बनियन आणि अर्धी चड्डी, कानावर पेन्सिल. दोघांचं इंग्रजी सारखंच तुटकं असल्यामुळे त्यांचं छान जमायचं. मी डबा घेऊन जायची. इकन बिलिस म्हणजे इथली बारकी सुकी मासळी, आई ती सुकट म्हणून भाजायची, त्यात लसूण-मिरची ठेचून घालायची आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर द्यायची. को यांना ते इतकं आवडायचं की घामाने डबडबून, नाक पुसत, ते बाबांच्या वाट्याचंही खायचे. दुकानात रंध्याचा आवाज, कोपऱ्यात चिनी गाण्यांचा रेडिओ आणि लाल भुसा. घरी आल्यावर तो भुसा बाबांच्या कॉलरमध्ये, कानात, ताटाच्या कडेला असायचा.

नळी त्यांनी कारखान्याच्या मालकाला पत्र दाखवून, विचारून, तिथल्याच लेथवर भरीव सळईतून काढली. घोडा, म्हणजे चाप ओढला की ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर आपटतो तो भाग, त्यांनी तीनदा केला. पहिल्या दोन वेळा मला त्यात काही चूक दिसली नाही, त्यांना दिसली. मोर कोरताना त्यांनी मुद्दाम एक पाय आखूड ठेवला, कारण लोहाराचा आखूड होता. आणि मूळ दस्त्याला मधोमध तडा गेला होता म्हणून आजोबांनी त्याला तांब्याची तार आवळली होती, तर बाबांनी धडधाकट दस्त्यावर ती तारही गुंडाळली. तेव्हा मात्र को यांचा धीर सुटला. "आय्या! नो क्रॅक ऑल्सो यू टाय? व्हाय लाईक दॅट?" बाबा तार ओढत म्हणाले, "माय फादर टाय." को यांनी पक्कड घेतली आणि दुसरं टोक धरलं.

माझं म्हणाल तर मी त्या सगळ्याला कंटाळले होते. तो कंटाळा आता आठवला तरी खांदे दुखतात. मला केमिस्ट्री येत नव्हती, घरात ओंडका होता, मैत्रिणींना घरी बोलवावं तर हॉलमध्ये वर्तमानपत्रावर लोखंडाचे तुकडे पसरलेले, आणि बोलणं फिरून फिरून तिथेच. आई कारखान्यात सर्किट बोर्ड तपासायची, दिवसभर भिंगातून बघून तिचे डोळे लाल असायचे. संध्याकाळी तिघंही घरी आलो की कोणी कोणाशी बोलायचं नाही, नुसता पंख्याचा आवाज. आम्ही नाराज नव्हतो. दमलेलो होतो. त्यातल्या त्यात आई माझी चेष्टा करायची, "तुझं लग्न होईल तेव्हा तुला आंदणात बंदूक."

आजोबांचं येणं ठरलं. पासपोर्ट झाला, व्हिजिट पास झाला, गावचा एक नातेवाईक मुंबईला विमानात बसवून देणार होता. तीन आठवडे राहिले होते. बंदूक जवळजवळ पुरी झाली होती आणि हॉलच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभी होती. ती आईपेक्षा उंच होती. त्याच सुमारास मला ओळखपत्राच्या नोंदणीसाठी कागद हवे होते म्हणून मी बाबांची जुनी पत्र्याची पेटी उघडली. तळाशी त्यांची गावच्या शाळेतली वही सापडली. तिच्याबद्दल मी ऐकून होते. बंदूक शेवटची साफ करायला आमच्या घरी आली, त्या दुपारी आजोबा पाणी आणायला गेले असताना बाबांनी ती चोरून मोजली होती आणि वहीत लिहून ठेवलं होतं, सात विता, चार बोटं. हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरूनच त्यांनी सगळी मापं काढली होती, स्वतःची वीत पट्टीवर टेकवून, तिला सातने गुणून, चार बोटं वर धरून. ते पान मात्र त्यांनी कित्येक वर्षांत उघडलेलं नव्हतं. मी उघडलं. आकड्याच्या खाली पेन्सिलीने हाताची आकृती काढली होती, केवढ्या विता ते कळावं म्हणून, बोटं ताणून, पंजा कागदावर ठेवून. मी सहज माझा हात त्यावर ठेवला. माझी बोटं चारी बाजूंनी बाहेर आली.

मी वही मिटली आणि पुन्हा उघडली. नऊ वर्षांच्या पोराच्या विता होत्या त्या. बाबांनी स्वतःच्या विता धरल्या होत्या. खरी बंदूक हातभराने तरी आखूड असणार होती. दुसऱ्या कोणाची अशी चूक झाली असती तर बाबांनी ती पहिल्या दिवशी पकडली असती, मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस होता तो. पण स्वतःचा हात माणसाला नेहमी तेवढाच वाटत असावा.

आई स्वयंपाकघरात चवळीच्या शेंगा मोडत होती. मी वही तिच्यासमोर धरली. तिने ओला हात पदराला पुसला, आकृतीवर ठेवला, उचलला. मग शेंगा मोडू लागली.

"सांगू बाबांना?" मी विचारलं.

"तीन आठवडे राहिलेत सुजू. सांगितलंस तर काय करतील? एक तर परत लाकूड शोधायला निघतील, नाहीतर बसतील ते उठायचे नाहीत." तिचा आवाज अगदी सपाट होता. "माणूस दमलाय गं. आप्पांचं वय झालंय, त्यांना काय आठवतंय तेवढं. उचलतील, हीच म्हणतील. ठेव ती वही होती तिथं."

मी ठेवली. मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. लाकूड, भुसा, माप, पत्रं, सगळ्यातून सुटका तीन आठवड्यांवर आली होती आणि मला ती लांबवायची नव्हती. आज मी हार्बरफ्रंटला एका शिपिंग ऑफिसात लोकांच्या चुका वेळेत दाखवून देण्याचं काम करते आणि त्यात चोख समजली जाते. मरीन परेडच्या माझ्या फ्लॅटमध्ये ती बंदूक भिंतीवर आहे. माझ्या मुलाला एकदा हे सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "सो यू न्यू, बट यू नेव्हर से? वाह लाव, मा." "वाह लाव" म्हणजे इथलं "कमाल आहे तुझी". त्याने अजून आपल्या बापाला दमलेलं पाहिलेलं नाही.

आजोबा आले. पांढरं धोतर, बंडी, पायात नव्या कडक चपला, आणि हातात पिशवी, तिच्यात गूळ आणि घेवडा. पहिले काही दिवस ते खिडकीशी बसून समोरच्या ब्लॉकचे मजले मोजायचे, चुकायचे आणि परत पहिल्यापासून मोजायचे. मग खाली, ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, दगडी बाकावर चिनी म्हाताऱ्यांमध्ये जाऊन बसायला लागले. भाषा शून्य, पण तंबाखूची चंची दाखवून हसायचे. फार कमी बोलायचे. बाबा रविवारची वाट बघत होते. कोपऱ्यातली चादर पाहून आजोबांनी एकदा विचारलं, "त्ये काय हाय रं?" बाबा म्हणाले, "रविवारी सांगतो." एवढं बोलताना त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला.

रविवारी नाश्ता झाल्यावर को आले, चक्क कॉलरचा शर्ट घालून, संत्र्यांची पिशवी घेऊन. आईने हॉलमधली खुर्च्या-टेबलं बाजूला केली. बाबांनी बंदूक दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली आणि चादर काढली. तेल पाजून पाजून दस्ता लालसर झाला होता. आजोबा खुर्चीवरून हळूहळू उठले, चष्मा लावला, जवळ आले. आधी त्यांचं बोट तारेवर गेलं. "तार बी?" ते म्हणाले. मग मोरावर. "लंगडा मोर!" त्यांना हसू आलं, आणि बाबांनी आईकडे असं पाहिलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"उचला ना, आप्पा."

आजोबांनी उचलली. आणि शरीराला जे माहीत होतं ते शरीराने केलं. पंचाहत्तरीचा माणूस, पण एका झोकात ती डाव्या खांद्यावर गेली, हात दस्त्याखाली बसला, मान उजवीकडे झुकली आणि ते दाराकडे चालायला वळले. नळीचं टोक दारावरच्या चौकटीला थाडकन आपटलं. रंगाचा पोपडा खाली पडला. आजोबा थांबले, मागे सरकले, पुन्हा वळले, पुन्हा आपटलं.

"लांब झाली रं, किसन," ते म्हणाले.

"नाही आप्पा. सात विता, चार बोटं. मी स्वतः मोजली होती, तुम्ही पाण्याला गेला होता तेव्हा."

"न्हाई लेका. माज्या खांद्याला ठावं हाय. ही लई लांब हाय."

बाबा टेप आणायला वळले. टेप आणून काय होणार होतं? मी आत गेले, पेटी उघडली आणि ती वही आणून त्यांच्या हातात दिली, पान उघडून. त्यांनी त्या पेन्सिलीच्या हाताकडे पाहिलं आणि मग त्यावर स्वतःचा पंजा ठेवला. खालचा हात पूर्ण झाकून गेला.

"तुला कधी कळलं?"

"महिना होत आला."

"मीच नको म्हणाले," आई म्हणाली. "मला बघवत नव्हतं तुमच्याकडे."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते स्टुलावर बसले आणि वही मांडीवर ठेवली. मग आजोबांना म्हणाले, "कापतो आप्पा. नळी कापतो, दस्ता कापतो. तुम्ही जायच्या आत बरोबर करून देतो." त्या आवाजात इतका थकवा होता की मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

को यांना आमच्या बोलण्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं. वातावरण हलकं करावं म्हणून असेल, त्यांनी आजोबांकडे बोट करून मला विचारलं, "गर्ल, आस्क युअर ग्रँडफादर, हाऊ मेनी पिग ही शूट?"

मी डोळे पुसत विचारलं, "आजोबा, ते विचारतायत, तुम्ही किती डुकरं मारली?"

"म्या?" आजोबांनी बंदूक खांद्यावरून उतरवून दोन्ही हातांत आडवी धरली. "एक बी न्हाई."

बाबांनी मान वर केली.

"चाप पाटील वडायचा," आजोबा म्हणाले. "म्या ठासून द्यायची, बार झाला की घ्यायची, पुसायची, आन् खांद्यावर टाकून मागनं चालायचं. डुक्कर बी म्याच वडत आनायचं. चापाला बोट लावायची सोय न्हवती आपल्याला. एकदा पुसताना लागलं, तर चारचौघांत कानफाडात बसली."

"पण आप्पा, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी तर सगळ्यांना..." बाबा म्हणाले.

"तू शाळंत सांगत सुटायचास, माजा बाप बंदूक चालिवतो. त्येच्यावर ताठ चालायचास पोरांत. म्या कशाला मोडू?" आजोबा सावकाश खुर्चीवर बसले. त्यांना धाप लागली होती. "नगं कापू. लांब आसंना का. मला काय करायचं हाय मापाचं?"

को यांनी एक संत्रं सोलायला घेतलं आणि तसंच हातात ठेवलं. मी बाबांकडे बघत होते. इतकी वर्षं वंदनेनंतर ऐकवलेली ती गोष्ट, ते खुर्ची मिळणं, ते दीड वर्ष, सगळं त्यांच्या तोंडावरून जाताना मला दिसत होतं. मला वाटलं, आई म्हणाली तसंच होणार, आता हे उठायचे नाहीत. पण ते उठले. आजोबांच्या समोर फरशीवर गुडघे टेकून बसले, बंदुकीचा दस्ता उचलून त्यांच्या खांद्याला नीट टेकवला, नळीखाली स्वतःचा हात धरला म्हणजे भार येऊ नये, आणि अंगठ्याने घोडा मागे चढवला.

"ओढा, आप्पा."

आजोबांनी उजवा हात धोतराला पुसला. दोन्ही बाजूंनी पुसला. बोट चापापाशी नेलं आणि तिथेच थांबवलं. नळी खिडकीबाहेर, समोरच्या ब्लॉकच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे रोखलेली होती. मग त्यांनी आपल्या मुलाकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "वडू?"

"ओढा."

खट् असा आवाज झाला. आजोबांचे डोळे मिटले होते ते उघडले. त्यांनी आधी नळीकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे.

"यवढंच?"

"एवढंच आप्पा. आत भोक नाही. इथे परवानगी नाही त्याची."

"त्ये न्हाई रं." त्यांनी मान हलवली. बोट अजून चापावरच होतं. "चाप यवढा हलका आसतुय? मला जलमभर वाटायचं, लई जोर लागत आसंल. म्हनून आपल्याला देत न्हाईत."

"हलकाच असतो, आप्पा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी घोडा पुन्हा चढवून दिला.